वतनाचा मान आणि विद्येचा मान

सोलापुराहून विजापूरच्या रस्त्याने दक्षिणेस निघालेला वाटसरू वडकबाळपाशी सीना ओलांडतो आणि पुढे टाकळीपाशी भीमेच्या पुलावर येऊन महाराष्ट्राची हद्द गाठतो. या दोन नद्यांच्या दरम्यान काळ्या जमिनीचा, ज्वारीचा आणि अवर्षणाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असलेला जो टापू पसरला आहे, त्यातले मंद्रूप हे मोठे गाव. दक्षिण सोलापूर तालुक्याची मुख्य कचेरी सोलापूर शहरात असली, तरी आसपासच्या खेड्यांचा बाजारहाट, शाळा आणि सरकारदरबारची पुष्कळशी कामे यांचा ओघ मंद्रूपकडेच वाहत आला आहे. येथे अनेक घरांत कानडी बोलली जाते, बाजारात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा चालतात आणि कचेरीत अर्ज द्यायचा तो मराठीत द्यावा लागतो. अशा सीमेवरच्या गावाला आपला मान कशात आहे हा प्रश्न मध्यभागी वसलेल्या गावांपेक्षा अधिक वेळा पडतो, आणि त्याची उत्तरे बदलत गेली तसतशी येथील शिक्षणाची रीतही बदलत गेली. त्या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

याच तालुक्यात, सीना आणि भीमा यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे जी प्राचीन देवालये आहेत, त्यांपैकी संगमेश्वराच्या देवळातील तुळईवर शके ९४० मधला, म्हणजे इसवी सन १०१८ मधला, एक लेख कोरलेला आहे. सोलापूरचे लेखसंशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला आणि मराठीतील अत्यंत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होऊ लागली. त्या लेखाच्या अखेरीस, जो हा लेख वाचील त्याला विजय लाभेल, असे आश्वासन दिलेले आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला मनुष्यस्वभावाची ओळख उत्तम असली पाहिजे. कारण वाचणाऱ्याला केवळ मजकूर कळेल एवढे सांगून तो थांबला नाही, तर वाचण्याच्या कृतीला त्याने जयाचा, म्हणजेच इतरांपेक्षा वरचढ ठरण्याचा, लाभ जोडून दिला. ज्ञानाची स्वतःची गोडी ही थोड्यांना आणि तीही उशिरा लागते. आरंभी मनुष्य अक्षराकडे वळतो तो बहुधा अक्षराने मिळणाऱ्या पदवीकडे पाहून. परंतु जो मान मनुष्याला शाळेच्या दारापर्यंत आणतो, तोच मान आत किती काळ बसावे आणि कोठे थांबावे हेही ठरवू लागतो, आणि तसे झाले म्हणजे विद्येचेही वतन बनते. या टापूतील गेल्या दोनशे वर्षांचा शैक्षणिक इतिहास हा माझ्या मते या एका सूत्राचा विस्तार आहे.

पेशवाई अस्ताला गेली त्या सुमारास गावचा मान हा वतनात साठवलेला होता. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही पदे वंशपरंपरेने चालत, आणि त्या पदांबरोबर जमीन आणि हक्क जसे मिळत, तसेच मानपानही मिळत. होळीची पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाला, दसऱ्याला आपट्याची पूजा कोणी करावी, कारहुणवीच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दिवशी वेशीतून कोणाची बैलजोडी पुढे निघावी आणि कर कोणी तोडावी, या गोष्टी आज वाचताना क्षुल्लक वाटतात. पण त्यांच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत, गोतसभा भरत, महजर होत आणि त्या महजरांची दफ्तरे जिवापाड जपली जात. ज्या समाजात मान हा जन्माबरोबर येतो आणि कागदाने शाबीत होतो, त्या समाजात तो मिळवण्यासाठी कोणी शिकत नाही. फार तर तो गमावू नये म्हणून मनुष्य कागद सांभाळून ठेवतो.

त्या काळच्या दस्तऐवजांच्या तळाशी पाहिले असता ही गोष्ट एका चिन्हात मूर्तिमंत झालेली दिसते. कुलकर्णी आपले नाव लिही आणि पाटील नांगराची निशाणी करी. सुतार, महार इत्यादि अन्य वतनदारांनाही आपापल्या हत्याराची निशाणी असे. आजच्या दृष्टीने ही निरक्षरतेची कबुली ठरेल, परंतु पाटलाला त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते, कारण नांगर हे त्याच्या दर्जाचे चिन्ह होते आणि गावातला कोणताही कागद त्या चिन्हावाचून पुरा होत नसे. लिहिणे हा त्याच्या लेखी कुलकर्ण्याचा धंदा होता, जसा लाकूड ताशणे हा सुताराचा. आणि दुसऱ्याचा धंदा आपण शिकावा असे गावगाड्यात कोणाला वाटत नसे. पाटलाचा मुलगा शाळेत गेला नाही तो दारिद्र्यामुळे किंवा मंदबुद्धीमुळे नव्हे. शाळेत जाऊन त्याच्या मानात काडीचीही भर पडणार नव्हती, एवढेच त्याचे कारण.

मग पंतोजीच्या शाळेत जात तरी कोण? एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा सधन मनुष्याच्या पडवीत भरणाऱ्या त्या शाळेत मुख्यत्वे ब्राह्मणांची, वाण्यांची आणि सावकारांची मुले असत. लिंगायत वस्तीच्या गावांत अय्या म्हणजे जंगम गुरूही मठात अक्षरओळख करून देत. धुळाक्षरांपासून आरंभ होऊन मोडीचे वळण, पावकी, निमकी, अडीचकी असे पाढे, आणि पत्रलेखनाचे मायने येथपर्यंत आले की शिक्षण संपे. हिशेब ठेवण्यापुरते आणि दफ्तर वाचण्यापुरते जे लागे तेवढेच शिकायचे, त्याहून अधिक शिकायचे नाही, कारण त्याहून अधिकाला गिऱ्हाईक नव्हते. कुलकर्ण्याच्या घरी तर मोडीचे वळण आणि जमाबंदीच्या खुणा ही घरची मिरास होती. ती जितकी थोड्यांना अवगत, तितके घराण्याचे महत्त्व अधिक. अक्षराभोवती असे कुंपण असले म्हणजे आतल्या माणसालाही त्या अक्षराचा विस्तार करावासा वाटत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रो याच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, १८३८ साली सोलापूरचा स्वतंत्र जिल्हा प्रथम बनला आणि १८५४ च्या वुड साहेबाच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. १८६३ पासून सारावसुलीच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंडाची पट्टी बसू लागली, तिला १८६९ च्या कायद्याने पक्के स्वरूप आले, आणि त्या पट्टीचा एक तृतीयांश भाग शाळांकडे जाऊ लागला. पैसा देणारी होती रयत. पण शाळेचा लाभ प्रथम ज्यांच्या घरी लेखणी आधीपासून होती त्यांनीच घेतला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यातील मुख्य तक्रार हीच होती: शेतकऱ्याच्या घामातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणात खर्च होतो आणि ज्याने तो दिला त्याच्या मुलाला मूळ अक्षरही मिळत नाही. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी त्यांनी केली; आणि तिच्याबरोबर आणखी एक मागणी केली, जिच्याकडे पुढे फारसे लक्ष गेले नाही. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, आणि प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही असे ते असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. शाळा म्हणजे अंगमेहनतीपासून सुटका, असा समज रूढ होऊ लागला होता हे त्यांच्या सूक्ष्म दृष्टीने तेव्हाच हेरले होते.

सरकारी शाळेने मानाची एक नवीच उतरंड गावात आणली. वर्गात मुलांना क्रमाने बसवीत. प्रश्नाचे उत्तर ज्याला आले तो वर सरके आणि ज्याला आले नाही तो खाली येई. आणि ‘वरचा नंबर’ हा शब्द मुलाच्या तोंडी येण्यापूर्वी त्याच्या मनात घर करून बसे. वर्षाकाठी दिपोटी साहेब, म्हणजे शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीस येणार म्हणजे शाळेची भिंत पांढऱ्या मातीने सारवली जाई, मुलांना धुतलेले कपडे मिळत आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागे. या पद्धतीचा एक धागा मोठा गमतीचा आहे. मद्रासेत अनाथ मुलांच्या शाळेवर असलेला अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळांत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहून प्रभावित झाला, वरच्या मुलाने खालच्याला शिकवण्याची रीत त्याने आपल्या शाळेत चालवली आणि पुढे इंग्लंडात तिचा प्रसार केला. त्याच सुमारास लँकेस्टरनेही तशीच पद्धत तेथे प्रचारात आणली. मुंबई इलाख्यात एज्युकेशन सोसायटीच्या शाळा निघाल्या तेव्हा ही पद्धत विलायती शिक्का घेऊन परत आली. परंतु परत येताना तिच्यात चढाओढीचा आणि बक्षिसांचा भाग अधिक घट्ट झालेला होता. ज्या समाजाला मानपानाची सवय जन्मापासून होती, त्याला वर्गातला क्रमांक समजायला वेळ लागला नाही.

तथापि पाटलाच्या मुलाला शाळेत आणले ते या क्रमांकाने नव्हे, तर वतनाच्या बदललेल्या स्वरूपाने. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरेचा हक्क मानला, पण काम करणाऱ्याच्या लायकीवर सरकारची नजर राहील असेही ठरवले. कुलकर्ण्याच्या बाबतीत तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वतने तोडून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्याचा क्रम सुरू झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच कुलकर्णी वतने रद्द करून तलाठी नेमले. तलाठी व्हायला घराणे लागत नव्हते, दाखला लागत होता. आणि तो दाखला म्हणजे मराठी सातवीची, लोक जिला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत, ती परीक्षा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तो याच संक्रमणाच्या उंबरठ्यावर. महसूल खात्यात चाकरी केलेल्या या लेखकाने वतनसंस्थेच्या निर्जीवपणावर जे कठोर भाष्य केले आहे, ते वाचताना वतनाची पाने खाली गळत आहेत आणि परीक्षेचा अंकुर वर येत आहे हे स्पष्ट जाणवते. फायनल पास झालेल्या मुलाच्या नावापुढे लोक ती परीक्षा लावून बोलू लागले, त्याला मास्तरकी किंवा तलाठीपण मिळू लागले, आणि सोयरिकीच्या बोलण्यात जमिनीच्या एकरांबरोबर परीक्षेचाही उच्चार होऊ लागला. मानाने घर बदलले, आणि त्याच्या पाठोपाठ माणसे शाळेकडे वळली.

येथपर्यंतची कथा ही ज्यांना मान होता त्यांची. ज्यांना तो मुळीच नाकारलेला होता, त्यांच्या वाट्याला शिक्षणाची प्रेरणा अगदी निराळ्या मार्गाने आली. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. एका मुलाला घेतल्यास बाकीची सर्व मुले शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, ही सरकारची भीती. म्हणजे वरच्यांच्या मानाचे मोल एका मुलाच्या विद्येहून जास्त ठरले. पुढे विलायतेहून सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचा निर्वाळा आला, पण कागदावरचा निर्वाळा आणि ओसरीवरची जागा यांत पाऊणशे वर्षांचे अंतर राहिले. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात संमत झाला, तेव्हा त्यात विहिरी आणि धर्मशाळा यांच्याबरोबर शाळांचाही समावेश करावा लागला, यावरूनच तोवरच्या परिस्थितीची कल्पना येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिने जी पहिली रचनात्मक कामे हाती घेतली त्यांत १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात काढलेले विद्यार्थ्यांचे वसतिगृह अग्रगण्य होते. या वसतिगृहात खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवणाची व कपड्यालत्त्याची सोय होई. सभेच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही काढले होते. या मासिकाची गोष्ट मला त्या काळच्या कोणत्याही परीक्षेच्या निकालापेक्षा महत्त्वाची वाटते. परीक्षा उत्तीर्ण होणे हे नोकरीसाठी आवश्यक होते. मासिक काढणे कशासाठीही आवश्यक नव्हते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी अक्षर हाती येताच ते वापरून काही सांगायला सुरुवात केली, यात अपमानातून जागृत झालेल्या मनाचा पल्ला दिसतो. १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक कौन्सिलात मांडले, त्यामागील विचारही याच जातीचा होता. महार वतन हे मानाचे नसून वेठीचे आहे, आणि तुटपुंज्या बलुत्याच्या आशेने ते मनुष्याच्या महत्त्वाकांक्षेचा कोंभच खुडून टाकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वरच्या वतनाने शिकण्याची गरज नाहीशी केली होती आणि खालच्या वतनाने शिकण्याची आशा. दोहोंचा परिणाम गावच्या शाळेवर सारखाच झाला होता.

या दोन टोकांच्या मध्ये जो मोठा समाज होता, त्याच्या शिक्षणाची कथा जातीच्या अभिमानाशी निगडित आहे, आणि ती आज सांगताना पुष्कळांना संकोच वाटतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशी जातवार वसतिगृहे उभी करण्यास उत्तेजन दिले, ते जातिभेद वाढावा म्हणून खचितच नव्हे. आपल्या जातीचे बोर्डिंग म्हटले की सावकार थैली सोडतो, शेतकरी धान्याचे पोते पाठवतो आणि बाप मुलाला निःशंक मनाने धाडतो, ही व्यवहारातली गोष्ट त्यांनी ओळखली होती. १९०७ साली तेथे वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. मंद्रूपच्या रस्त्याचे दुसरे टोक जे विजापूर, तेथे १९१० साली फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी या वकिलाच्या पुढाकाराने लिंगायत शिक्षणसंस्था स्थापन झाली. आणि बेळगाव जिल्ह्यातील शिरसंगीचे लिंगराज देसाई यांनी १९०६ साली मृत्यू पावण्यापूर्वी आपल्या देसगतीची मिळकत समाजाच्या मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राने देऊन टाकली. ज्या इस्टेटीने घराण्याचा मान राखायचा, तिने अनोळखी विद्यार्थ्यांच्या फिया भरल्या. वतनाचा इतका उचित शेवट फारसा कोणाच्या हातून झालेला नाही.

हळकट्टींचे चरित्र तर या विषयात स्वतंत्र प्रकरण मागते. समाजाच्या उन्नतीच्या अभिमानाने ते शिक्षणकार्यात शिरले. परंतु बसवेश्वर आणि त्यांच्या काळचे शरण यांची वचने ताडपत्रांवर विखुरलेली पाहून त्यांनी त्यांच्या संग्रहाचा ध्यास घेतला, १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध केले आणि छापखान्यासाठी स्वतःचे राहते घर विकले. वकिली, नगरपालिका, सहकारी संस्था यांतून जो मान मिळाला होता तो ताडपत्रांच्या पायी पणाला लावायला त्यांना दिक्कत वाटली नाही. अभिमान हा ज्ञानाकडे नेणारा रस्ता ठरू शकतो, आणि ज्ञान भेटल्यावर मनुष्य त्या रस्त्याला विसरू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण या परिसरात मला ठाऊक नाही.

परंतु जातीच्या बोर्डिंगाची मर्यादाही त्याच काळात दिसून आली. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, परत आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह चालवले, तेव्हा आपल्या लोकांचा मान या कल्पनेची हद्दच त्यांनी बदलली. मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावेत, स्वयंपाक करावा आणि शिकावे, अशी त्यांची शिस्त होती. फुल्यांनी शिक्षकाच्या हाती जो रुमणा पाहू इच्छिला होता तो भाऊरावांनी विद्यार्थ्याच्या हाती दिला. सोलापूर जिल्ह्यात बार्शीस मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली जे शिक्षणकार्य आरंभले, त्याने ग्रामीण मुलांना शहराच्या दारात उभे राहण्याचा धीर दिला. खुद्द सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय आणि १९५३ साली संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाल्यावर मंद्रूपकडच्या मुलाला पदवीसाठी पुण्यास जाण्याचे कारण उरले नाही. सकाळच्या गाडीने जावे आणि संध्याकाळी धारा काढायला परत यावे इतके विद्यापीठ जवळ आले.

स्वातंत्र्यानंतर जुनी वतने एकामागून एक कायद्याने गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५१ च्या मे महिन्यापासून संपली, कनिष्ठ गाववतनांचा कायदा १९५८ चा, आणि मुलकी पाटीलकी १९६३ च्या आरंभी अस्तास गेली. कारहुणवीचा मान काही ठिकाणी प्रथेने राहिला, पण त्याच्यामागे सरकारी सनद राहिली नाही. त्याच सुमारास, १९६२ साली, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा पोचल्या, आणि शिक्षकाची नोकरी ही ग्रामीण कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा मुख्य आधार झाली. पगाराची नोकरी म्हणजे अवर्षणाचे भय नसलेली जमीन. भीमा-सीनेच्या टापूत, जेथे पाऊस केव्हा दगा देईल याचा नेम नाही, तेथे या गोष्टीचे मोल विशेष होते. ज्या घरातून एक मुलगा नोकरीस लागला त्या घराकडे गाव पूर्वी देशमुखाच्या वाड्याकडे पाही तसे पाहू लागले.

भाषेच्या प्रश्नानेही या मानाला एक वळण दिले. १९५६ साली विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मंद्रूपचा टापू मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात राहिला. १९६७ साली महाजन आयोगाने दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट हे तालुके म्हैसूरकडे द्यावेत अशी शिफारस केली, ती महाराष्ट्राने मान्य केली नाही. राज्ये भांडत असताना बापाने मात्र आपल्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हे दरवर्षी जूनमध्ये ठरवावे लागे. येथे कानडी माध्यमाच्या शाळाही आहेत आणि मराठीच्याही. आईची भाषा ज्या शाळेत आहे तेथे मूल लवकर वाचू लागते हे कोणीही नाकारीत नाही. तरी कचेरीची भाषा ज्या शाळेत, तिच्याकडे महत्त्वाकांक्षी घरांचा कल राहिला. पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या तेव्हा मराठीलाही तोच अनुभव आला. कानडीकडून मराठीकडे आणि मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा हा प्रवास शिकण्याच्या सुलभतेच्या उलट दिशेने चालला आहे. मुलाला काय समजेल यापेक्षा शेजाऱ्याला काय दिसेल याचा विचार त्यात प्रबळ आहे.

मुलींच्या बाबतीत मानाचा विरोध सर्वांत दीर्घ काळ टिकला. जितके घर मोठे तितका उंबरठा उंच; वतनदार घराण्यांत गोषा हेच कुलीनतेचे लक्षण मानले गेल्याने सधन घरची मुलगी गरिबाच्या मुलीपेक्षाही उशिरा शाळेत गेली. हा अडसर निघाला तो पुष्कळ ठिकाणी विचारपरिवर्तनाने नव्हे, तर नोकरदार वराला शिकलेली वधू हवी असे सोयरे म्हणू लागल्यामुळे. जो मान दार लावून बसला होता त्यानेच ते उघडले, आणि पुन्हा किती उघडायचे हेही त्यानेच ठरवले: लग्न जुळेपर्यंत शिक्षण, पुढचे सासरच्या मर्जीवर. मात्र एकदा बाहेर पडलेल्या मुलींपैकी अनेकींनी ही मर्यादा स्वतःच मोडली, आणि आज दहावी-बारावीच्या निकालात मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण वर्षानुवर्षे मुलांपेक्षा अधिक राहते, यावरून ज्याला मान उसना मिळालेला असतो त्यापेक्षा ज्याला तो स्वतः कमवावा लागतो तो अधिक नेटाने अभ्यास करतो, असेच म्हणावे लागेल.

या सर्व इतिहासातून एक क्रम स्पष्ट दिसतो. अक्षरओळख दुर्मीळ होती तोवर अक्षराला मान होता. फायनल सर्वांना साध्य झाली तेव्हा तो मॅट्रिककडे सरकला. मॅट्रिक घरोघरी झाले तेव्हा पदवीकडे. पदव्या वाढल्या तेव्हा माध्यमाकडे, गुणांच्या टक्क्यांकडे आणि शहरातल्या शिकवणीच्या फीकडे. प्रत्येक पायरी खुली होताच तिचा मान जातो आणि तो वरच्या पायरीवर जाऊन बसतो. दुर्मिळतेवर जगणाऱ्या मानाचा हा स्वभावच आहे, त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच्या मागे धावणाऱ्या शाळेचे नुकसान होते ते असे की, खालची पायरी पक्की आहे की नाही हे पाहायला कोणी मागे वळत नाही. पाढे न येता सातवी ओलांडलेला आणि सलग परिच्छेद लिहिता न येता पदवीधर झालेला तरुण हा या धावपळीचा बळी आहे. आणि तोच पुढे शेतात उतरण्याची लाज बाळगून, नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत पारावर बसतो.

म्हणून शिक्षणाच्या प्रेरणेतून मान वजा करा असा उपदेश मी करणार नाही. तो निष्फळ होईल, आणि ज्यांना आताच कोठे मान मिळू लागला आहे त्यांना तो क्रूरही वाटेल. शिरसंगीच्या देसाईंनी, सोलापूरच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी आणि विजापूरच्या हळकट्टींनी मान टाकून दिलेला नव्हता; तो कशासाठी खर्च करायचा एवढेच त्यांनी निराळे ठरवले. गावाने सत्कार करायचाच असेल तर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाबरोबर वाचनालयातील पुस्तके सर्वांत जास्त वाचणाऱ्या मुलीचाही करावा; नोकरी लागून पुण्यास गेलेल्याच्या नावाची पाटी लावायची असेल तर शेतीशास्त्र शिकून गावी परत आलेल्याच्या नावाचीही लावावी; आणि घरी कानडी बोलणाऱ्या मुलाने मराठीत निबंध लिहिला, किंवा मराठी घरातल्या मुलीने कानडी वचन अर्थासह म्हणून दाखवले, तर त्याला गुणपत्रिकेत जागा नसली तरी सभेत जागा द्यावी. गावाला मान वाटून देण्याची जुनी सवय आहे, आणि तो कोणाला द्यावा हे ठरवण्याचा अधिकार आता कोणत्याही सनदेत अडकलेला नाही. तो अधिकार गावाने वापरला नाही, तर बाजार तो वापरील, आणि बाजाराने दिलेल्या मानाचा हिशेब दर दहा वर्षांनी नव्याने मांडावा लागेल.